सीटी आलं तरी भोसकलेल्या पेशंटला आधी बघणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या उपजिल्हा रुग्णालयाला सीटी स्कॅन मशीन मिळावं म्हणून तुमच्या पेपरात बरेच दिवस पत्रं येतायत. मागणी रास्त आहे, माझा विरोध नाही. मी जनरल सर्जन आहे, तालुक्याच्याच गावात प्रॅक्टिस करते. पोटात चाकू, कोयता, बैलाचं शिंग, झाडावरून पडून घुसलेली कुंपणाची सळई असले पेशंट बघत आलेय म्हणून लिहावंसं वाटलं. सगळ्या पत्रांचा सूर असा की मशीन नव्हतं म्हणून माणूस गेला, मशीन असतं तर वाचला असता. काही पेशंटच्या बाबतीत ते खरं असेलही, पण पोटात काहीतरी घुसून जो खरंच मरायला टेकलाय त्याला सीटीच्या टेबलवर झोपवणं म्हणजे त्याच्याकडे उरलेला वेळ आपण खाणं, आणि हे कुणी लिहीत नाही.

आधी बैलाचं सांगते, कारण आपल्याकडचं खास ते. बैल शिंग नुसतं खुपसत नाही, खुपसून मान वर झटकतो. त्यामुळे कातडीला भोक दिसतं दोन बोटांएवढं आणि आत स्नायू टराटरा फाटलेले, कधी आतड्याचं वेटोळं कातडीखालीच येऊन बसलेलं. शिंगाला शेण माती लागलेली असते ती वेगळीच. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली तेव्हापासून यात्रांमधे बैलगाडा शर्यती परत सुरू झाल्या, मे २०२३ मधे घटनापीठानं शर्यतींचा कायदाही कायम ठेवला, आमच्या घरचे लोक पण शर्यतीच्या घाटावर जातात, त्यामुळे शर्यतीवर मी काही बोलणार नाही. मी बघितलेले बहुतेक पेशंट तर गोठ्यातलेच, वैरण टाकताना किंवा दावं सोडताना लागलेले. असा माणूस टेम्पोतून येतो, पोटाला धोतर नाहीतर ओढणी गुंडाळलेली, ती सोडली की भोकातून पिवळी चरबी डोकावत असते. नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम सोनोग्राफी करायची का सीटी?

कधी दोन्ही नाही. हात गार पडलेत, घाम फुटलाय, नाडी १३० ने पळतेय, बीपी ऐंशीच्या पुढे जात नाही, सलाईन दिलं की दहा मिनिटं बरं आणि परत खाली, हा पेशंट आत कुठंतरी वाहतोय आणि त्याची जागा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात आहे. पोट हाताला लाकडासारखं घट्ट लागतंय, तरीही ओटी. आतडं बाहेर आलंय, बहुतेक वेळा ओटीच. जगभरात पोटाच्या जखमा बघणारे सर्जन यावर फारसे भांडत नाहीत. अशा पेशंटचा सीटी काढून कळणार काय, तर आत रक्त आहे. ते त्याच्या नाडीनं आधीच सांगितलेलं असतं. आणि सीटी म्हणजे बटण दाबलं की झालं असं नसतं हो, स्ट्रेचर हलवायचं, लिफ्टची वाट बघायची, टेबलवर घ्यायचं, हात वर करून झोपवायचं, शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत उठून दिसणारं औषध, सोडायचं, आणि त्या खोलीत भूलतज्ज्ञ नाही, सक्शन नाही, रक्त नाही. तिथं बीपी गेलं तर करणार काय?

आता सोनोग्राफी. कॅज्युअल्टीत करायच्या सोनोग्राफीला फास्ट म्हणतात, दोन तीन मिनिटांचं काम. प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, चार ठिकाणी लावायचा. उजवीकडे लिव्हर आणि किडनीच्या मधल्या खोबणीत, डावीकडे प्लीहा आणि किडनीच्या मधे, खाली लघवीच्या पिशवीमागे आणि छातीच्या खालच्या टोकाशी हृदयाकडे रोखून. आत रक्त असेल तर काळी पट्टी दिसते. छातीच्या दोन्ही बाजूंना पण प्रोब फिरवला तर फुफ्फुसाभोवती हवा आहे का तेही कळतं. भोसकलेल्या पेशंटमधे मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हृदयाची खिडकी, म्हणजे प्रोबची ती चौथी जागा, कारण बेंबीच्या वर बरगड्यांच्या मधोमध बसलेला चाकू पोटात थांबलाय असं सगळे धरून चालतात आणि तो वर हृदयाच्या पिशवीपर्यंत गेलेला असतो. तिथं रक्त दिसलं तर पुढचा सगळा बेतच बदलतो, पोटाआधी छाती उघडावी लागते.

पण याच सोनोग्राफीचा एक घोटाळा नातेवाईकांना समजावता समजावता जीव जातो. फास्टमधे रक्त दिसलं तर त्यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो. काही दिसलं नाही, म्हणजे ज्याला आपण नॉर्मल म्हणतो, तर आत काही झालेलं नाही असं बिलकुल नाही. थोडंसं रक्त, म्हणजे दोनशे मिलीच्या आतबाहेर असेल तर ते दिसेलच असं नाही. आणि आतड्याला भोक पडलं तर त्यातून येणारं रक्त थोडं आणि विष्ठा जास्त, ते सोनोग्राफीला कुठून दिसणार. चाकूच्या जखमांत लिव्हरच्या खालोखाल छोटं आतडंच सापडतं आणि गोळीच्या जखमांत तर छोटं आतडं पहिलं. त्यामुळे बाहेरून सोनोग्राफी करून आणतात, कागदावर नॉर्मल लिहिलेलं असतं, घरी नेतात, आणि दोन दिवसांनी ताप, फुगलेलं पोट आणि हिरव्या उलट्या घेऊन परत येतात. तो कागद खोटा नसतो, पण त्याला भलताच प्रश्न विचारलेला असतो.

बरं ही दोन मिनिटांची सोनोग्राफी आपल्याकडे कॅज्युअल्टीत का होत नाही? मशीनच्या किमतीचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा अडथळा कायद्याचा. महाराष्ट्रानं १९८८ साली देशात पहिला कायदा केला, मग १९९४ चा केंद्राचा पीसीपीएनडीटी आला, गर्भलिंगनिदान थांबवायला, आणि तो यायलाच हवा होता. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे सव्वाआठशे मुली पण नव्हत्या, त्यामुळे कायदा ढिला करा असं मी बाई म्हणून तरी कधी म्हणणार नाही. पण त्या कायद्यानं सोनोग्राफी मशीन ही वस्तूच बांधून ठेवलीय. प्रत्येक मशीनचं रजिस्ट्रेशन, ते कुठल्या जागेत राहील ते ठरलेलं, पोर्टेबल मशीनवर आणखी अटी, आणि चालवणारा रेडिओलॉजिस्ट, गायनॅक किंवा सहा महिन्यांचं ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर. रात्री दोन वाजता आमच्या कॅज्युअल्टीत असतो एक एमबीबीएस मेडिकल ऑफिसर, रेडिओलॉजिस्ट असलाच तर आठवड्यातून ठराविक दिवशी जिल्ह्याच्या गावाहून येणारा. मी सर्जन, पोट उघडायला मला परवानगी आहे, पण त्याच पोटावर प्रोब ठेवायला वेगळी पात्रता आणि वेगळी नोंदणी. शिंग घुसलेल्या पन्नाशीच्या शेतकऱ्याचं गर्भलिंगनिदान कोण करणार आहे देव जाणे, पण मशीन कुलपात असतं, ओपीडी संपली की रूमला टाळं आणि किल्ली ज्याच्या नावावर त्याच्याकडे.

इमर्जन्सी मेडिसिनची एमडी आपल्याकडे २००९ पासून मान्य आहे, त्या पोरांना फास्ट शिकवतात, ते करतातही. पण ती पोरं पुण्यामुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत, तालुक्याला कोण येतंय. इथं जो मेडिकल ऑफिसर आहे त्यालाच फक्त ट्रॉमापुरतं, त्या ठरलेल्या खिडक्यांपुरतं शिकवा, मशीन कॅज्युअल्टीच्या भिंतीला साखळीनं बांधा हवं तर, प्रत्येक तपासणीची नोंद ठेवा, गरोदर बाई असेल तर फॉर्म भरा, कॅमेरा लावा. काहीही करा पण प्रोब त्या खोलीत असू द्या. सीटीसाठी मोर्चे निघतात, यासाठी एकानं सुद्धा निवेदन दिलेलं मला माहीत नाही.

मग सीटी कुणासाठी? ज्याचं बीपी टिकून आहे, पोट मऊ आहे, शुद्धीत आहे, त्याच्यासाठी, आणि तिथं मात्र ते खरंच कामाचं आहे. कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या सीटीत चाकूचा मार्ग दिसतो, कातडीतून स्नायूत आणि तिथून पुढं कुठं गेला ते. लिव्हर किंवा किडनीला चीर किती खोल आहे, त्यातून कॉन्ट्रास्ट बाहेर झिरपतंय का म्हणजे रक्त अजून वाहतंय का, आतड्याची भिंत सुजलीय का, लिव्हर प्लीहा धड असूनही पाणी साठलंय का, हे सगळं कळतं. पोटात मोकळी हवा दिसली तर इतर पेशंटमधे आम्ही सरळ आतडं फुटलं म्हणतो, इथं मात्र जरा थांबावं लागतं, कारण हवा जखमेच्या भोकातूनही आत गेलेली असू शकते. सगळ्यात जास्त उपयोग होतो तो कमरेच्या बाजूला आणि पाठीत लागलेल्यांना. तिथं किडनी आणि मोठ्या आतड्याचा मागचा भाग असतो. तो फुटला तरी पुढून पोट मऊच लागतं, हाताला काही कळत नाही, सोनोग्राफीलाही नाही. अशा वेळी शिरेतून देतो त्याशिवाय गुदद्वारातूनही कॉन्ट्रास्ट देऊन सीटी काढतात.

सीटीला न दिसणारी एक गोष्ट पण लोकांना माहीत असावी, डावीकडचं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला पडदा. छातीच्या खालच्या भागात, स्तनाग्राच्या रेषेखाली डावीकडे चाकू लागला तर तो छातीत गेला की पोटात की दोन्हीकडे हे सांगता येत नाही, कारण श्वास सोडताना श्वासपटल बरंच वर चढतं. तिथली छोटीशी चीर सीटीत सुटू शकते, आज काही त्रास नाही, आणि वर्षा दोन वर्षांनी त्यातून जठर नाहीतर आतडं छातीत चढतं आणि अडकतं. म्हणून अशा पेशंटला रिपोर्ट नॉर्मल असला तरी दुर्बीण घालून बघावं लागतं. यावर नातेवाईक चिडतात, रिपोर्ट नॉर्मल आहे ना मग कशाला बिल वाढवताय.

ज्याला सीटी हवंय त्याला ते मिळताना काय होतं ते पण लिहिते. जिल्ह्याच्या गावातलं एक खाजगी सेंटर, नाव नको. बरगडीखाली चाकू लागलेला तरुण पोरगा, बीपी ठीक, मी चिठ्ठी देऊन आणि फोन करून पाठवला. तिथं आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागितला, लॅब सकाळी उघडणार. मग डिपॉझिट. मग पोलिस केस आहे म्हणून पोलिसांचं पत्र आणा. क्रिएटिनिन कॉन्ट्रास्टनं किडनीला त्रास होऊ नये म्हणून बघतात हे मान्य, पण इमर्जन्सीत त्या रिपोर्टसाठी अडून बसू नये हे रेडिओलॉजीचेच नियम सांगतात. आणि पोलिसांच्या कागदासाठी उपचार थांबवता येत नाहीत हे सुप्रीम कोर्टानं परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगून ठेवलंय. तो पोरगा बसला रात्रभर सेंटरच्या बाकावर, पोट धरून. नशिबानं जखम वरवरची निघाली.

म्हणजे मशीन त्या गावात होतं बरं का! तुमच्या बातमीच्या हिशेबानं सोय उपलब्ध होती.

आता जरा जुनं सांगते. १९०१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना बफेलोच्या प्रदर्शनात पोटात गोळी लागली. डॉक्टरांनी पोट उघडलं, जठराची भोकं शिवली, गोळी काही सापडली नाही. त्याच प्रदर्शनात एक्सरे मशीन मांडलेलं होतं, तेव्हा एक्सरेचा शोध लागून सहाच वर्षं झाली होती. ते वापरलं नाही म्हणून लोक आजवर हळहळतात. पण ते गोळीमुळे गेले नाहीत, गोळीच्या वाटेवरचं आतलं मांस सडलं म्हणून आठव्या दिवशी गेले. गोळी कुठं अडकलीय याचा फोटो मिळाला असता तरी त्या काळात ना अँटिबायोटिक ना रक्त, करणार काय होते. आजही एक्सरेत गोळी दिसली की नातेवाईक म्हणतात ती आधी काढा. साधा एक्सरे मी काढतेच, छाती बघायला, श्वासपटलाखाली हवा बघायला, गोळी असेल तर ती कुठं थांबली याचा अंदाज यायला. पण गोळी काढणं हे सगळ्यात शेवटचं काम, ती जाताना काय फाडून गेली ते आधी बघायचं असतं.

पुढे पहिल्या महायुद्धापासून रीतच पडली की पोटात आत गेलेली जखम दिसली की पोट उघडायचंच. त्यानं जीव वाचले, पण साध्या चाकूच्या जखमांत निम्मीशिम्मी पोटं उघडून बघावीत तर आत काहीच नाही. आमचा जुना ठोकताळा असा की पुढून लागलेल्या चाकूच्या जखमांपैकी साधारण तिसरा हिस्सा पोटाच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचतच नाही, तिसरा हिस्सा पडदा फाडतो पण आत शिवण्यासारखं काही करत नाही, आणि राहिलेल्या तिसऱ्या हिश्श्याला ऑपरेशन लागतं. विनाकारण उघडलेलं पोट फुकट जात नाही, नंतर आतडी चिकटतात, टाक्यांत हर्निया होतो, आणि ज्याला पोत्यांची हमाली करायची आहे तो सहा महिने घरी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधले सर्जन शाफ्टन यांनी १९६० साली मांडलं की पेशंटकडे बघून निवड करा, ज्याला लक्षणं नाहीत त्याला लगेच कापू नका, त्याच्यावर लक्ष ठेवा. जोहान्सबर्गच्या बारागवनाथ हॉस्पिटलात चाकूचे पेशंट इतके यायचे की त्यांनी ही पद्धत पुढे फार मोठ्या संख्येनं वापरून दाखवली.

माणसाचा पहिला सीटी निघाला १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनला, तोही डोक्याचा. म्हणजे शाफ्टननी हे सांगितलं तेव्हा सीटी नावाची चीजच नव्हती. त्यांच्याकडे होता तो हात, नाडी, थर्मामीटर आणि दर थोड्या वेळानं परत येऊन तेच पोट दाबून बघणारा डॉक्टर. आजही सीटी नॉर्मल आला की आम्ही पेशंटला चोवीस तास ठेवतो, तोंडानं काही देत नाही, दर दोन चार तासांनी शक्यतो त्याच डॉक्टरनं पोट बघायचं, दुखणं वाढलं का, जखमेपासून लांब पण दुखायला लागलं का, नाडी चढतेय का, पांढऱ्या पेशी वाढतायत का. या तपासणीला पैसा लागत नाही पण माणूस लागतो. आमच्या सरकारी हॉस्पिटलात रात्री एक डॉक्टर, त्याच्याकडे बाळंतपण, सर्पदंश, औषध प्यालेला पेशंट आणि पोस्टमॉर्टेमचे कागद. तो कधी परत परत पोट बघणार? मग तो रेफर लिहितो. मी त्याला नावं ठेवणार नाही, त्याच्या जागी मी असते तर मीही लिहिलं असतं.

आणि त्या रेफरमधेच माणसं जातात. वाहणारा पेशंट १०८ मधे घालून सिव्हिलला, सिव्हिलमधून मेडिकल कॉलेजला, प्रत्येक ठिकाणी नवी सोनोग्राफी नवा सीटी. २०१४ साली १०८ सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, आत डॉक्टरही असतो, ती सेवा चांगलीच आहे, मी रोज वापरते. पण गाडी नेणार कुठं ते ठरवलेलं नसेल तर गाडी किती जोरात पळते याला अर्थ राहत नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडंसं, कारण डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधीच बरंच बिघडतं. घुसलेला चाकू, सळई, काठी काहीही असो, उपसू नका, बांधून तसंच आणा, उपसली की आत दाबलेलं रक्त सुटतं. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ ओल्या कापडानं झाका, हळद नाही, चहापूड नाही. पाणी पाजू नका, कितीही मागितलं तरी. लागून किती वेळ झाला ते नीट सांगा, कारण रक्त थांबायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड पहिल्या तीन तासांतच द्यायचं असतं, स्वस्त इंजेक्शन आहे, २०१० साली वीस हजारांवर पेशंटचा अभ्यास होऊन ते सिद्ध झालंय.

तर सीटी मशीन जरूर मागा, पण मागताना त्याच्याबरोबर रात्रपाळीचा टेक्निशियन मागा, फोटो रात्रीच वाचून देणारा रेडिओलॉजिस्ट मागा, इथं नसेल तर ऑनलाइन, पुण्यात बसून वाचला तरी चालेल. कॅज्युअल्टीत सोनोग्राफी मागा. रक्त साठवायचं युनिट मागा, भूलतज्ज्ञ मागा. हे नसेल तर मशीन उद्घाटनाला चालू आणि संध्याकाळी पाचनंतर बंद. उघड्या डोळ्यांनी बघितलेलं सांगतेय, शेजारच्या तालुक्यात रात्री पेशंट घेऊन गेलो तर मशीनवर प्लास्टिक घातलेलं आणि वॉर्डबॉय म्हणाला साहेब सोमवारी येतात.

आणि संपादक साहेब, एक विनंती तुमच्या बातमीदारांना. असा पेशंट गेल्याची बातमी कराल तेव्हा सीटी होतं का एवढंच विचारू नका. तो दारात किती वाजता आला, तेव्हा बीपी किती होतं, सर्जनला फोन किती वाजता गेला, रक्त किती वाजता लागलं, ओटीत किती वाजता घेतला की घेतलाच नाही, आणि मधल्या वेळात तो कुठल्या कुठल्या खोलीत होता हे विचारा आणि वेळेसकट छापा. आमच्यातल्या कुणाची चूक असेल तर ती पण दिसू दे.

आपली,
एक जनरल सर्जन
(नाव छापू नये ही विनंती)